हात असणे आणि हात बसणे

वडवणीच्या बाजारपेठेत भर दुपारी गिऱ्हाईक विरळ होते. अशा वेळी शाळेतून आलेले मूल दुकानाच्या गादीच्या कडेला बसून पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या कागदावर चित्र काढताना दिसले, तर नवल वाटू नये. समोरचा तराजू, पेंडीचे पोते, रस्त्यापलीकडे उभी असलेली बैलगाडी, जे दिसेल ते मूल काढते. घरातील वडीलधारी मंडळी कागदावरून नजर फिरवतात आणि दोनपैकी एक वाक्य बोलतात. चित्र बरे उतरले असेल, तर ‘हात आहे हो याचा.’ उतरले नसेल, तर ‘आपल्या घराण्यात कुणाला ही कला नाही, याला कुठून येणार?’

ही दोन्ही वाक्ये सहज बोलली जातात, परंतु त्यांवर पुढे बरेच काही ठरते. आठवी-नववीतील मुलाला शासकीय रेखाकला परीक्षेला बसवायचे की नाही, रंगांच्या पेटीवर खर्च करायचा की तो गणिताच्या शिकवणीकडे वळवायचा, हे बहुधा याच एका वाक्यावरून ठरते. व्यापारी घरात भांडवल कोठे गुंतवावे याचा विचार चार वेळा होतो. मुलाच्या हाताबद्दलचा निकाल मात्र एका कागदावर लागतो. माल न उघडता भाव ठरवण्याचा हा प्रकार आहे, आणि तो दुकानात कोणी खपवून घेणार नाही.

उपजत देणगी मोठी की मेहनत, हा वाद जुना आहे. महाराष्ट्रात त्याचा विचार करायचा, तर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेकडे पाहावे लागते. ही शाळा एका व्यापाऱ्याच्या पैशांतून उभी राहिली. सर जमशेटजी जिजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये ती सुरू झाली. याच शाळेत १८९० च्या सुमारास दोन तरुण शिकत होते. एकाचे नाव महादेव विश्वनाथ धुरंधर, दुसऱ्याचे गणपतराव काशीनाथ म्हात्रे.

म्हात्रे हे ‘हात आहे’ या वाक्याचे जणू मूर्तिमंत उदाहरण. १८९६ मध्ये, वयाच्या विशीच्या आसपास असताना, त्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प घडवले. नऊवारी लुगडे नेसून देवदर्शनाला निघालेली तरुणी, हातात पूजेचे साहित्य, लुगड्याच्या निऱ्यांतून जाणवणारी देहाची डौलदार ठेवण. प्लॅस्टर ऑफ पॅरिसमधील हे काम पाहून मुंबईचे जाणकार थक्क झाले. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात ते गौरवले गेले. दूर बंगालमध्ये रवींद्रनाथ ठाकूर यांनी त्यावर लेख लिहिला. विद्यार्थिदशा नुकतीच संपत असलेल्या मुलाच्या वाट्याला असे कौतुक क्वचितच येते.

पुढे म्हात्रे यांनी मोठी कार्यशाळा चालवली. संस्थानिक, न्यायमूर्ती, लोकनेते यांचे अनेक पुतळे तेथून बाहेर पडले. मुंबईतील न्यायमूर्ती रानडे यांचा पुतळा त्यांचाच. तरीही कलेच्या इतिहासात त्यांचे नाव निघाले, की पहिल्याने आठवते ती देवळाच्या वाटेवरची ती तरुणी. यात त्यांच्या मेहनतीची उणीव काढण्याचे कारण नाही. मागणीप्रमाणे पुतळे घडवणे हेही कष्टाचेच काम. पण आरंभीच एवढी उंची गाठलेल्या कलावंताला पुढची चढण सापडणे किती कठीण असते, हे त्यातून दिसते.

धुरंधरांची गोष्ट निराळी. त्यांचा जन्म १८६७ चा, बालपण कोल्हापुरात गेले. १८९० मध्ये ते जे. जे. त दाखल झाले, तेव्हा तेविशीच्या घरात होते. म्हणजे फार लवकर सुरुवात केली असेही नाही. १८९६ मध्ये ते तेथेच शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. निवृत्तीपूर्वी काही काळ त्यांनी संस्थेच्या प्रमुखपदाची सूत्रेही सांभाळली. या काळाच्या आठवणी त्यांनी पुढे मराठीत लिहिल्या, तेव्हा पुस्तकाला नाव दिले ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. एका कलावंताने आत्मकथनाच्या शीर्षकात वर्षांचा आकडा घालावा, ही गोष्ट हिशेबाची सवय असलेल्या वाचकाच्या लगेच ध्यानात येईल. नोकरीची खातेवही काढून दाखवावी, तसे ते शीर्षक आहे.

धुरंधरांजवळ रेखाटनवही असे. रस्त्यावरील माणसे, बाजारातील बायका, वेगवेगळ्या जातीजमातींचे पोशाख, पागोटी बांधण्याच्या तऱ्हा हे सर्व त्यांनी हजारो रेखाटनांत टिपले. एस. एम. एडवर्ड्स यांच्या मुंबईवरील पुस्तकाला १९१२ मध्ये आणि ऑटो रॉथफिल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकाला १९२० मध्ये त्यांचीच चित्रे होती. ही चित्रे पाहताना पोशाखाचा तपशील कोठे चुकल्यासारखा वाटत नाही, आकृती कोठे लटकी पडत नाही. इतकी खात्री एका बैठकीत येत नसते. ती रोजच्या वहीतून येते.

येथे ‘मेहनत’ या शब्दाविषयी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण तो शब्द फार ढिलेपणाने वापरला जातो. तीच ती फुलदाणी पन्नास वेळा काढली, म्हणजे मेहनत झाली असे नाही. जुन्या पेढीवर रोजकीर्द लिहून मुनीम मोकळा होत नसे. खतावणी करून, तेरीज जुळवून, फरक निघाला तर तो कोठून आला हे शोधून मगच दिवा मालवला जाई. चित्रातही तेच. वस्तू समोर ठेवून काढणे ही कीर्द. ती वस्तू नजरेआड करून आठवणीने पुन्हा काढणे आणि मग दोन्ही शेजारी ठेवून कोठे चुकले ते पाहणे, ही तेरीज. रेखाकला परीक्षेत वस्तुचित्राबरोबर स्मरणचित्राचाही भाग असतो, त्यामागचे एक मर्म हेच. जे मूल तेरीज न जुळवता नुसती कीर्द लिहीत राहते, त्याची चूकच पक्की होते, आणि दोन वर्षांनी घरचे म्हणतात, ‘एवढे करूनही जमत नाही, म्हणजे हातच नाही.’

या विषयाची मोजदाद करण्याचाही प्रयत्न झाला आहे, तो चित्रकलेत नव्हे तर संगीतात. १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अठराव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाचा एकांतातील रियाज सरासरी ७,४१० तास, त्याखालच्या गटाचा ५,३०१ तास आणि संगीतशिक्षक होऊ पाहणाऱ्यांचा ३,४२० तास भरला. यातूनच पुढे ‘दहा हजार तास’ हा मंत्र जगभर पसरला, आणि मंत्र झाल्यावर त्यातला हिशेब मागे पडला. २०१४ मध्ये अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा संगीतातील कौशल्याच्या तफावतीपैकी सुमारे २१ टक्के तफावतच रियाजाच्या प्रमाणाने उलगडते असे आढळले. उरलेल्या भागात काय काय येते? उपजत कल असेल, लवकर सुरुवात असेल, चांगला गुरू असेल, घरची परिस्थिती असेल. तेव्हा ‘मेहनत केली की कोणीही काहीही होतो’ हे वाक्य ‘हात नाही’ या वाक्याइतकेच घाईचे आहे. धुरंधरांच्या वर्गातून वर्षानुवर्षे विद्यार्थी बाहेर पडले. सगळेच धुरंधर झाले नाहीत.

जैन वाचकाला हा विचार परका वाटू नये. काल, स्वभाव, नियती, पूर्वकर्म आणि पुरुषार्थ या पाच कारणांचा समवाय कार्य घडवतो, त्यांतील एकालाच धरून बसणे हे मिथ्यात्व, असे आपल्या शास्त्रात सांगितले आहे. प्रवचनात हे ऐकताना सर्वजण माना डोलावतात. घरातील मुलाच्या चित्राकडे पाहताना मात्र पाचांपैकी केवळ स्वभाव तेवढा लक्षात राहतो.

आता तिसरे उदाहरण, आणि ते वडवणीसारख्या गावाला अधिक जवळचे आहे. विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म १८९१ मध्ये अलिबागजवळच्या सासवणे या लहानशा गावी झाला. गावातील देवळाच्या भिंतीवर या मुलाने शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. त्या वेळचे कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस ते पडले. हेच ते रॉथफिल्ड, ज्यांच्या पुस्तकाला पुढे धुरंधरांनी चित्रे काढली. त्यांनी मुलाला हुडकून काढले आणि जे. जे. त पाठवण्याची व्यवस्था केली. तेथे करमरकरांनी मानाचे पदक मिळवले. पुढे कलकत्त्यात काम केले, लंडनला रॉयल अकादमीत शिक्षण घेतले, आणि १९२८ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधील शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा त्यांच्या हातून उभा राहिला. देवळाच्या भिंतीवरून त्या पुतळ्यापर्यंतचा हा प्रवास.

ही गोष्ट साधारणपणे चमत्काराच्या सुरात सांगितली जाते. खेड्यातले मूल, कोळशाच्या चार रेघा आणि पारखी साहेब. पण गोष्टीतला एक तपशील सहसा घाईने उरकला जातो. करमरकरांच्या घरी गणपतीच्या मूर्ती घडत. शाडूची माती मळणे, सोंडेचा बाक साधणे, बोटाने कान उचलून देणे, हे त्या मुलाने समज आल्यापासून पाहिले होते. कलेक्टरला दिसली ती भिंत. भिंतीमागचे मातीचे श्रावण-भाद्रपद त्याला दिसण्याचे कारण नव्हते. ज्याला आपण उपजत म्हणतो, त्यातील बराचसा भाग असा बेहिशेबी सराव असतो. तो कोणी मांडून ठेवलेला नसतो, म्हणून तो देवाने दिला असे वाटते. याचा अर्थ करमरकरांना देणगी नव्हती असा मुळीच नाही. मूर्ती घडवणारी घरे कोकणात पुष्कळ, करमरकर एकच.

आणि रॉथफिल्ड त्या गावी गेलेच नसते तर? भिंतीला पुढच्या उत्सवाला चुना लागला असता. देणगी आणि मेहनत यांच्या वादात या तिसऱ्या गोष्टीचे नाव फारसे निघत नाही. योग्य वेळी थांबून पाहणारा माणूस मिळणे हेही शिक्षणाचे साधनच आहे. वडवणीत कलेक्टर भिंती पाहत फिरणार नाही. तेथे ते काम शाळेतील चित्रकलेच्या शिक्षकाचे, आणि शाळेत तसा शिक्षक नसेल तर वडिलांचे, काकांचे, आजीचे.

मराठवाड्याला तर याची परंपरा दाखवायला दूर जाण्याची गरज नाही. १८७२ ते १८८५ या काळात जे. जे. चे प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत आणि लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेत. अंधाऱ्या लेण्यांत, तिथल्या उकाड्यात, वटवाघळांच्या वासात बसून ही मुले शतकांपूर्वीच्या अनाम चित्रकारांची एकेक रेषा उतरवत. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतील अग्रणी, पुढे नावाजलेले चित्रकार. लंडनला पाठवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ च्या आगीत जळाल्या. कागदोपत्री पाहता ते सर्व श्रम बुडीत खाती गेले. परंतु रेषा उतरवताना पेस्तनजींच्या हातात जे आले, ते जळण्यासारखे नव्हते.

एक गोष्ट मुलींविषयी. व्यापारी घरांतील मुली-सुना रांगोळी काढतात, मेंदी काढतात, तपाच्या पारण्याला ताट सजवतात, पाटाभोवती नक्षी घालतात. ठिपक्यांची मोठी रांगोळी बिनचूक काढणाऱ्या मुलीची मापाची जाण रेखाकला परीक्षेतील संकल्पचित्राला लागते त्याहून कमी नसते. पण हा सराव कोणी ‘कला शिकणे’ या सदरात जमा धरत नाही. तो घरकामाच्या खाती पडतो. धुरंधरांनी आपली कन्या अंबिका हिला चित्रकलेचे रीतसर शिक्षण दिले, आणि जे. जे. ची पदविका मिळवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत तिची गणना झाली. वडील चित्रकार होते, म्हणून मुलीत कला उतरली, असे कोणी म्हणेल. उतरली असेलही. पण चित्रकार वडिलांच्या घरी कागद, रंग, चुका दाखवणारी नजर आणि ‘बस, काढ’ म्हणणारा माणूस हे चारही आयते होते, तेही हिशेबात धरावे लागेल.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना आज पालक महत्त्व देतात ते बहुतांशी दहावीच्या वाढीव गुणांसाठी. त्यात वावगे काही नाही. व्यापाऱ्याला परतावा कळतो. मात्र परीक्षा होताच रंगपेटी माळ्यावर जाते, आणि मुलाचा हात जेमतेम बसू लागलेला असतो तेव्हाच थांबतो. दोन वर्षे भरलेली आवर्ती ठेव मुदतीच्या तोंडावर मोडावी तसे हे होते.

दुकानाच्या गादीवर बसून काढलेले ते कागद सहसा फार दिवस टिकत नाहीत. दिवाळीला नव्या वह्यांचे पूजन झाले, की जुनी पावतीपुस्तके बांधून रद्दीत जातात, आणि त्यांच्याबरोबर पाठकोऱ्या बाजूवरचे तराजू, पोती आणि बैलगाड्याही जातात. एखाद्या घरी आजी त्यातले चारदोन कागद बाजूला काढते, कोपऱ्यात तारीख घालते आणि कपाटातील जुन्या फायलीत ठेवते. पुढच्या दिवाळीला तीच बैलगाडी मुलाने पुन्हा काढली, तर दोन्ही कागद शेजारी ठेवता येतात. चाक गेल्या वर्षी अंड्यासारखे होते. या वर्षी ते गोल झाले आहे, आणि आसही चाकाच्या मधोमध बसला आहे. बैल अजून नीट उभे राहिलेले नाहीत.