करंटची रेष आणि रजिस्टरमधली नोंद

गाडी एका लाइनवरून दुसऱ्या लाइनवर जाते ती पॉइंटमुळे. दोन निमुळत्या टंग रेल सरकतात आणि त्यातली एक शेजारच्या स्टॉक रेलला घट्ट चिकटते. त्यांना सरकवणाऱ्या पॉइंट मशीनमध्ये आपल्याकडे बहुधा 110 व्होल्टची मोटर असते. काम काही सेकंदांचं, पण त्यात हयगय चालत नाही. टंग रेल आणि स्टॉक रेल यांच्या फटीत 5 मिलिमीटरची पट्टी धरली, तर पॉइंट लॉक होता कामा नये. सिग्नल खात्यातल्या नोकरीत ही चाचणी मी अनेक पोरांना शिकवली.

पूर्वी पॉइंट फेल झाल्यावरच आम्हाला कळायचं. आता मोटर किती करंट ओढते ते सेन्सर सतत टिपतो आणि पॉइंट फिरला की त्याचा आलेख तयार होतो. सुरुवातीला करंट उसळतो, मग खाली येऊन सपाट चालतो आणि लॉक झाल्यावर शून्यावर जातो. टंग रेल ज्यांवरून सरकतात त्या स्लाइड चेअर कोरड्या पडल्या की सपाट भाग दिवसेंदिवस वर सरकतो. खडी अडकली की रेष शेवटी चढते ती उतरतच नाही. मोटर फिरत असते, क्लच घसरत असतो, पॉइंट मात्र लागत नाही. प्रत्येक पॉइंटचा स्वभाव वेगळा, ऊन-पावसाने तोही बदलतो. म्हणून संगणकाने आजची रेष त्याच पॉइंटच्या जुन्या रेषांशी ताडून पाहायची असते.

पण जुन्या रेषेमागचं कारण त्याला कोण सांगणार? जागेवर गेलेला मेंटेनरच. बिघाड सिग्नलच्या खात्यावर पडणार की पी-वेच्या, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्यांच्या, या धास्तीने रजिस्टरमध्ये नुसतं ‘तपासले, ठीक’ लिहिलेलं मी खूप पाहिलंय. अशा नोंदीतून संगणक काहीच शिकत नाही.

शिवाय करंटमध्ये सगळंच दिसत नाही. ब्रिटनमध्ये पॉटर्स बारला 10 मे 2002 रोजी गाडी घसरून सात जण दगावले. तिथे पॉइंटच्या दोन टंग रेलना जोडणाऱ्या स्ट्रेचर बारचे नट निघालेले होते. त्यासाठी पाना घेऊन वाकून बघणारा माणूसच हवा.

तेव्हा सेन्सर जरूर बसवा. पण खडी सापडली तर ‘खडी’, चेअर कोरडी होती तर ‘कोरडी’ असं लिहिणाऱ्याला मेमो मिळणार नाही, एवढी हमी साहेबांनी आधी द्यावी.