गादी सरकल्यावरची शस्त्रक्रिया : दहा वर्षांनंतर काय?

कंबरेच्या मणक्यांमधील गादी सरकल्याचे निदान झाले, की रुग्णाच्या आधी घरची मंडळी विचारतात, “ऑपरेशन केले की कायमचे बरे वाटेल ना?” याचे प्रामाणिक उत्तर एका शब्दात देता येत नाही.

गादीचा मऊ गाभा बाहेर येऊन मज्जातंतूच्या मुळावर दाब देतो, तेव्हा कंबरेपासून पावलापर्यंत कळ जाते. हीच सायटिका. शस्त्रक्रियेत तो भाग काढून मज्जातंतू मोकळा केला जातो. झिजलेली गादी मात्र नवी होत नाही. म्हणूनच पायाची कळ लवकर शमते, कंबरदुखीबाबत तेवढी खात्री देता येत नाही.

नॉर्वेतील हेन्रिक वेबर यांनी १९८३ मध्ये १२६ रुग्णांचा दहा वर्षांचा आढावा प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण स्पष्टपणे सरस होते. चौथ्या वर्षी मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नाही. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना सुमारे चार आठवड्यांत आराम पडला, तर थांबलेल्यांना बारा आठवडे लागले. वर्षअखेरीस दोन्ही गटांतील ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. मात्र थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली, हेही विसरू नये.

हे अंतर मिटते, कारण बाहेर आलेला भाग शरीर बहुधा हळूहळू शोषून घेते. म्हणजे शस्त्रक्रियेने प्रामुख्याने वेळ वाचतो. वेदनेने झोप उडालेल्या किंवा रोजंदारी बुडणाऱ्या माणसाला ते दोन महिने फार मोलाचे असतात. वेदना सोसवत असेल आणि ती उतरणीला लागली असेल, तर थांबणेही तितकेच शहाणपणाचे ठरते. शस्त्रक्रियेनंतर काहींची गादी त्याच जागी पुन्हा सरकते, हेही आधीच समजून घ्यावे.

काही लक्षणांत मात्र थांबण्यास मुळीच वाव नाही. लघवी तुंबणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरता येणे, पाऊल लुळे पडणे, यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. येथे उशीर झाल्यास गेलेली शक्ती परत येईलच असे नाही.

इतर वेळी शल्यचिकित्सकांना घरच्यांनी विचारावयाचा प्रश्न थोडा निराळा आहे : “थांबलो तर काय होईल, आणि किती दिवस थांबता येईल?”