बाप्तिस्मा एकाचा, लग्न दोघांचे

हिंदू पाहुण्याला चर्चमधल्या लग्नात अंतरपाट दिसत नाही, मंगलाष्टके ऐकू येत नाहीत. ऐकू येतात ते प्रश्न: हिला पत्नी म्हणून स्वीकारतोस का? दुखण्याखुपण्यात साथ देशील का? वधूलाही तेच विचारतात. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे हा संस्कार वधूवरच एकमेकांना देतात, धर्मगुरू चर्चच्या वतीने साक्षीला असतो. म्हणून ते चर्च घटस्फोट मानत नाही. संमतीतच खोट होती असे ठरले, तर मुळात लग्न झालेच नव्हते असे जाहीर करते. प्रॉटेस्टंट मंडळी अपवादाला थोडी वाट ठेवतात.

पण नवराबायकोपैकी एकच ख्रिस्ती झाला तर? बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात याचे उत्तर आहे: जोडीदार नांदायला राजी असेल तर त्याला सोडू नये; तो आपण होऊन गेला तर अडवू नये. इंग्रज सरकारने १८६६ मध्ये यावरच कायदा बेतला. जोडीदाराने धर्मांतरामुळे नांदायला नकार दिला, तर कोर्ट वर्षभर थांबे, पुन्हा विचारी आणि मगच लग्न मोडी.

कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. टिळक कोर्टाच्या वाटेला गेले नाहीत. पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या, पण सोवळेओवळे घेऊनच. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला. टिळकांनी वाट पाहिली, याचे कौतुक होते. मला मात्र ती वर्षे लक्ष्मीबाईंची वाटतात: निर्णय नवऱ्याचा, नातेवाइकांची बोलणी खायची बायकोने.

शपथ दोघांची सारखी, पण कायद्याने पारडे झुकवले. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात पुरुषाला पत्नीचा व्यभिचार दाखवणे पुरे होते. बाईने नवऱ्याचा व्यभिचार सिद्ध केला तरी भागत नसे. जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असे काही लागे. पौलाच्या पत्रात असा भेद नाही. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने यावर बोट ठेवले, २००१ मध्ये संसदेने घटस्फोटाची बहुतेक कारणे दोघांना सारखी केली, परस्पर संमतीचीही सोय केली. कॅथलिक जोडप्याला मात्र कोर्टाचा निकाल हाती असूनही चर्चमध्ये पुन्हा लग्न लावायचे, तर धर्मप्रांताच्या न्यायासनापुढे वेगळा अर्ज करावाच लागतो.