थंड हवेचीं फुलें आणि आपला हिंवाळा



थंड देशांतील बागांचीं चित्रें पाहून तसलींच झाडें आपल्याहि अंगणांत असावींत, असें वाटणें स्वाभाविक आहे. ट्युलिपचे कंद आतां विकतहि मिळतात. परंतु कन्नड तालुक्यांतील देवगांव रंगारीसारख्या गांवीं त्यांवर दाम मोजण्यापूर्वीं थोडा विचार करावा.

अमेरिकेच्या ईशान्य भागांत, बोस्टन शहरीं, १८७२ सालीं स्थापन झालेलें आर्नल्ड नांवाचें वृक्षोद्यान आहे. तेथें मे महिन्यांत लायलॅकचा बहर पाहावयास लोक लोटतात. बहर मे महिन्यांतला खरा, पण त्याची तयारी बर्फांत झालेली असते. कित्येक आठवडे कडक थंडी सोसल्यावांचून लायलॅकच्या कळ्या नीट उमलत नाहींत. ट्युलिपच्या कंदासहि सुमारें १० अंशांखालील गारवा १२ ते १६ आठवडे लागतो. देवगांवाकडे पौषांत पहाटे हुडहुडी भरते, परंतु दुपारीं पारा पुनः २८-३० अंशांवर चढतो. चार तासांच्या गारव्यानें कंद फसत नाहीं!

फ्लॉक्स, पिटुनिया यांची गोष्ट निराळी. हीं एका हंगामाचीं झाडें. त्यांस हिंवाळ्याची झोंप नको, सौम्य ऊन हवें. दुपारच्या उष्णतेच्या मानानें पाहिलें तर बोस्टनचा उन्हाळा तोच आपला हिंवाळा. म्हणून तिकडे वसंतांत पेरतात तें बीं आपण भाद्रपद-आश्विनांत पेरावें.

पण मला विचाराल तर सर्वांत भरंवशाची शेवंतीच. हीहि मूळची चीनची, हें आपण पार विसरून गेलों आहों. तिचें घड्याळ मुख्यत्वें रात्रीच्या लांबीवर चालतें. हें तत्त्व गार्नर व अ‍ॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२० सालीं मांडलें. आपल्याकडे ज्येष्ठांत दिवस सव्वातेरा तासांचा, तर मार्गशीर्षांत ११ तासांचा असतो. रात्र लांबली कीं शेवंती कळी धरते. यास्तव ओट्यावरील विजेच्या दिव्याखालीं तिची कुंडी ठेवूं नये. रात्रभर उजेड लागल्यास झाड नुसतें पाल्यानें माजतें.

काळ्या जमिनींत पाणी सांचून तिचीं मुळें कुजतात, म्हणून ती वरंब्यावर लावावी. पावसाळ्याच्या तोंडीं काश्या लावून महिन्याभरानें शेंडे खुडावे, म्हणजे फांद्या फुटतात. बहर ओसरल्यावर झाड उपटूं नये. बुडाशीं येणारे फुटवे हेंच पुढील वर्षाचें बियाणें. मात्र वैशाखांत त्यांस सावली व रोज तांब्याभर पाणी हवें. विहिरी आटत असतां दहा कुंड्यांचा हव्यास न धरतां दोनच चांगल्या निवडाव्या. तांदूळ-भाजी धुतलेलें पाणी त्यांस पुरतें.