मोडलेला पाय आणि सात दिवसांची मुदत

अपघातात पाय मोडला की शस्त्रक्रिया जितकी लवकर तितकी बरी, ही समजूत सुशिक्षितांतही दृढ आहे. आठवडा उलटूनही रुग्ण खाटेवर तसाच पडून असला की रुग्णालय बिल वाढवीत आहे, असा तर्क नातेवाईक करू लागतात. क्वचित तो खराही असेल. परंतु गुंतागुंतीच्या अस्थिभंगात थांबणे हा पुष्कळदा उपचाराचाच भाग असतो.

घाई कशाची करावयाची, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. नडगीवर पुढच्या बाजूस मांसाचे आवरण जवळजवळ नसतेच. त्यामुळे ती मोडली की हाड सहज कातडी फाडून बाहेर येते आणि रस्त्यावरची माती जखमेत शिरते. अशा वेळी पहिली निकड असते ती प्रतिजैविकाची. ते शक्य तो तासाभरात दिले जावे. जखम सहा तासांच्या आत धुतलीच पाहिजे, हा जुना दंडक १८९८ साली फ्रीड्रिख या जर्मन शल्यवैद्याने गिनिपिगांवर केलेल्या प्रयोगांकडे नेऊन भिडविला जातो. माणसांच्या बाबतीत तो तितकासा टिकलेला नाही. जखम अतिशय मळलेली नसेल तर चोवीस तासांच्या आत, पण अनुभवी हातांनी ती साफ होणे अधिक मोलाचे मानले जाते.

घोट्यालगत नडगीच्या टोकाचा चुरा झाला असेल तर न्याय वेगळा. तेथे सूज इतकी चढते की कातडी ताणून चकाकू लागते, तिच्यावर फोड येतात. अशा कातडीला छेद दिला तर ती पुन्हा सांधत नाही आणि जंतू थेट हाडापर्यंत पोचतात. म्हणून आधी बाहेरून सळ्यांची चौकट बसवून हाड स्थिर करतात आणि कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत, म्हणजे बहुधा दहा ते चौदा दिवस, थांबून मग धातूची पट्टी बसवितात.

आता हिशेब पाहा. रस्ते अपघातांत २०२२ साली देशात ४,४३,३६६ माणसे जखमी झाली. त्यांच्यासारख्यांसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली, हे स्तुत्यच आहे. तीत दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, पण अपघातापासून सात दिवसांपुरताच. बाराव्या दिवशीची शस्त्रक्रिया कोणाच्या खर्चाने व्हावी? महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारखा दुसरा आधार आहे, परंतु त्यासाठी रुग्णालय त्या योजनेत असावे लागते. ते नसेल तर रोजंदारीवरच्या माणसापुढे दोनच वाटा उरतात : सुजलेल्या पायावर पाचव्या दिवशीच छेद घेऊ देणे, नाही तर पायात सळ्या घेऊन घरी जाणे आणि उसनवारी करणे. हाडात संसर्ग मुरला तर वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया होत राहतात, कधी पायही गमवावा लागतो.

खर्चाला रकमेची मर्यादा आधीच आहे. तिच्यावर पुन्हा दिवसांची मर्यादा घालून सरकारी तिजोरीची फारशी बचत होत असेल, असे मला वाटत नाही. टप्प्याटप्प्याने करावयाच्या शस्त्रक्रियांपुरती, शल्यविशारदाच्या दाखल्यावर, ही मुदत तीन आठवड्यांपर्यंत वाढवावी. दीड लाखांचा आकडा हवा तर तोच राहू द्यावा.