राखणीच्या नौका: नावं राहिली, जहाजं गेली

फेब्रुवारी 2016 मध्ये आकुर्डीच्या बजाज ऑटोने ‘व्ही’ ही मोटारसायकल सादर केली. तिच्या पेट्रोलच्या टाकीत ‘विक्रांत’चं पोलाद असल्याचा मोठा गाजावाजा झाला. विमानवाहू नौकेच्या वाट्याला निदान टाकी तरी आली. युद्धात राखणीला असलेल्या लहान नौकांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

11 नोव्हेंबर 1942. हिंदी महासागरात ‘ऑन्डिना’ या डच तेलवाहू जहाजाच्या सोबतीला ‘बंगाल’ ही सातशे टनांच्या आसपासची नौका होती. समोर साडेपाच इंची तोफा लावलेली दोन मोठी जपानी जहाजं उभी ठाकली. ‘बंगाल’वर तीन इंची एकच तोफ. तरीही ती शत्रूच्या अंगावर गेली. जपान्यांचं ‘होकोकू मारू’ बुडालं, ‘बंगाल’ आणि ‘ऑन्डिना’ दोन्ही बचावल्या. स्वातंत्र्यानंतरही सेवेत राहिलेली ही नौका 1960 मध्ये मोडीत निघाली.

1971 च्या युद्धात ‘विक्रांत’सोबत ‘ब्रह्मपुत्रा’ आणि ‘बियास’ या फ्रिगेट होत्या. 8 डिसेंबरच्या रात्री ‘विनाश’ या क्षेपणास्त्र नौकेने कराचीवर हल्ला केला, तेव्हा तिच्याबरोबर ‘तलवार’ आणि ‘त्रिशूल’ होत्या. ‘त्रिशूल’वर साडेचार इंची जोडतोफ होती आणि पाणबुडीविरुद्ध तीन-तीन नळ्यांचे ‘लिंबो’ मॉर्टर. लिंबोचा मारा जेमतेम किलोमीटरभर. पाणबुडीचा टॉर्पेडो त्याहून कितीतरी लांबून येई. दुसऱ्याच रात्री दीवजवळ अशाच टॉर्पेडोने ‘खुकरी’ ही फ्रिगेट बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले.

या जुन्या फ्रिगेटींपैकी एकही आज पाहायला मिळत नाही. नौदल नावं जपतं. ‘त्रिशूल’ हे नाव 2003 पासून नवी फ्रिगेट मिरवते आहे. जुन्या ‘त्रिशूल’ची प्रतिकृती पुण्याच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात आहे. पण खऱ्या जहाजाचं जतन हा खर्चाचा मामला. खारं पाणी सांगाड्याचं पोलाद खात राहतं, ठरावीक काळाने जहाज सुक्या गोदीत घ्यावं लागतं, आणि तिकिटांच्या पैशांत ते भागत नाही.

‘विक्रांत’ने हेच दाखवलं. 1997 मध्ये निवृत्त झालेल्या या नौकेत 2001 पासून मुंबईत संग्रहालय होतं. सुरक्षेच्या कारणाने 2012 मध्ये ते बंद झालं. राज्य सरकारला पैशांची सोय करता आली नाही. सुमारे 60 कोटींना लिलाव झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर 2014 मध्ये दारूखान्यात तोडकाम सुरू झालं.

दीवने वेगळी वाट धरली. माझगाव गोदीत बांधलेली दुसरी ‘खुकरी’ डिसेंबर 2021 मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्याच महिन्यात संग्रहालयासाठी दीव प्रशासनाकडे सोपवली गेली. जहाज भंगारात जाण्याआधीच त्याची व्यवस्था ठरली होती. ‘विक्रांत’बाबत नेमकं हेच झालं नाही.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणला अख्खं जहाज नको, तेवढं पाणीही इथे नाही. पण पोलाद ओतणारे, कातणारे, गंज काढून रंगवणारे हात इथे गल्लोगल्ली आहेत. पुढची फ्रिगेट निवृत्त होईल तेव्हा तिची एक तोफ मागून घ्यावी, ती कशी चालायची हे शेजारी लिहावं आणि तिच्या देखभालीचा खर्च इथल्या उद्योगांनी वाटून घ्यावा. त्यासाठीचा अर्ज मात्र लिलावाच्या नोटिशीआधी गेला पाहिजे.