बक्षिशीचा डबा

मागच्या महिन्यात आम्ही घरची चार माणसं पुण्यातल्या एका हॉटेलात जेवायला गेलो होतो. बिल आलं. मुलानं मोबाइल काढला, चौकोनी कोडवर धरला, पैसे गेले. वेटर बडीशेपेची वाटी ठेवून बाजूला उभा राहिला. मी खिसा चाचपू लागलो, तसा मुलगा म्हणाला, ‘‘अब्बा, सर्व्हिस चार्ज घेतलाय की त्यांनी. परत टिप कशाला?’’

प्रश्न रास्त होता. पण मला एकदम एक पत्र्याचा डबा आठवला.

बी.ए. करताना दोन वर्षं मी एस.टी. स्टँडसमोरच्या एका हॉटेलात संध्याकाळची टेबलं सांभाळायचो. गिऱ्हाईक बशीत चार आणे, आठ आणे ठेवून जाई. ते आपल्या खिशात घालायचे नाहीत, गल्ल्याशेजारच्या डब्यात टाकायचे. रात्री शटर ओढलं की वाटणी. आचाऱ्याचा वाटा, मोरीवर भांडी घासणाऱ्या पोराचाही. गिऱ्हाइकाला ही माणसं दिसत नसत, पण जेवण त्यांच्याच हातचं. पद्धत चांगली होती. फक्त फुटलेल्या ग्लासांचे पैसे मालक त्याच डब्यातून कापून घेत. किती ग्लास फुटले, हे विचारायची आमची छाती नव्हती.

सर्व्हिस चार्ज म्हणजे हाच डबा. आता तो छापील बिलात आलाय. पुष्कळांना तो सरकारी कर वाटतो. तो कर नाही. जीएसटी सरकारचा, सर्व्हिस चार्ज हॉटेलचा, मालकाच्या खात्यात जमा होणारा. त्यातलं किती वेटरपर्यंत पोचतं, हे बिलावर लिहिलेलं नसतं. शिवाय हिशेब पाहा. बाराशेच्या जेवणावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे १२० रुपये. मग १,३२० वर पाच टक्के जीएसटी, ६६ रुपये. साध्या जेवणावर तो ६० झाला असता. न मागितलेल्या बक्षिशीवर आपण करही भरतो!

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं, की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानंही घ्यायचा नाही, आणि तो ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ रोजी प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. त्यावर अपीलही झालं. तेव्हा बिलात ही ओळ दिसली तर पैसे देण्याआधी ‘‘एवढं काढा,’’ म्हणावं. नाही ऐकलं तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मात्र वेटरवर डाफरू नये. ती ओळ त्यानं लावलेली नसते.

आमच्या मुलांच्या पिढीला हे ‘बक्षिशी’ प्रकरणच आवडत नाही. मालकानं पगार नीट द्यावा, म्हणतात. खरं आहे. हा शब्द फारसीतून आला. तिथं ‘बख्शीदन’ म्हणजे देणं, आणि माफ करणंही. देणाऱ्याचा हात वर, घेणाऱ्याचा खाली. कविसंमेलनानंतर संयोजक पाकीट पुढं करतात, त्याला ‘मानधन’ म्हणतात म्हणून आम्ही कवी ताठ मानेनं घेतो. ‘बक्षिशी’ म्हटलं असतं तर कितीजणांनी घेतलं असतं कोण जाणे! पण पगार वाढेपर्यंत त्या माणसाचं घर या सुट्या पैशांवरही चालतं. आणि आता सुटे पैसेच कुणाच्या खिशात नसतात. पूर्वी बिलाची मोड परत येई, त्यातलं काही बशीत राही. मोबाइलवर बिल पैशासकट बरोबर चुकतं, बशी रिकामीच जाते.

माझं म्हणाल तर, टेबलावर वाढणारं माणूस असेल तिथं मी पाच ते दहा टक्के ठेवतो, रोख. आपणच ताट उचलून आणायचं, तिथं नाही. सेवा वाईट असेल तरी नाही. पण उशीर आचाऱ्याचा की वेटरचा, हे आधी पाहतो.

त्या दिवशी पन्नासची नोट वाटीखाली सरकवत मी हळूच विचारलं, ‘‘दादा, सर्व्हिस चार्जमधलं तुम्हाला मिळतं का काही?’’

त्यानं एकदा गल्ल्याकडं पाहिलं आणि वाटी पुढं केली. ‘‘बडीशेप घ्या ना, काका.’’